खेजडी उत्तरेला ठेवली

फलोदीत पहाटे साडेपाचला लॉजच्या दाराची कडी काढली तेव्हा बोटं बधिर झाली होती. याच गावात १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. भारतात तोवर एवढ्या तापमानाची नोंद कुठेच झाली नव्हती. आणि जानेवारीच्या त्या पहाटे मी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून गाडीत बसत होते. खिचन तिथून चार-पाच किलोमीटरवर. चालकभाऊ म्हणाले, "बाईसा, काच थोडी खाली ठेवा. आधी ऐकू येतात, मग दिसतात."

तसंच झालं. अंधार अजून पुरता फिटला नव्हता, आणि वरून कुणीतरी ओली दोरी पिळावी तसा कुर्र-कुर्र आवाज येऊ लागला. मग पूर्वेच्या फिकट पट्टीवर रेघा उमटल्या. एक, चार, दहा. कांड्या करकोचे. इथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया, कझाकस्तानकडून ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात येतात आणि मार्चपर्यंत राहतात. १९७०च्या दशकात रतनलाल मालू नावाच्या गृहस्थांनी कबुतरांसाठी दाणे टाकायला सुरुवात केली, त्या दाण्यांवर काही कुरजां उतरल्या. पुढे गावानं ते व्रतच घेतलं. गावाकडेला कुंपण घातलेलं मैदान आहे, त्याला चुग्गाघर म्हणतात. रात्री तिथे धान्य पसरतात आणि सकाळी हजारो पक्षी उतरतात. जून २०२५मध्ये खिचनच्या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

एका घराच्या गच्चीवरून मी दीड तास पाहत उभी होते. मोह दाण्यावर तुटून पडणाऱ्या थव्याकडे पाहण्याचा होता. पण मी त्यांचं उतरणं पाहत राहिले. एवढा मोठा पक्षी उतरताना पंख ताठ धरतो, लांब पाय खाली सोडतो आणि मग घसरत येतो. त्या क्षणी त्याला वळता येत नाही. समोर काही आलं तर तो त्यावर आदळणारच. पुढच्या चार दिवसांत हे दृश्य मला वारंवार आठवणार होतं.

मी खरं तर कुरजांसाठी आले नव्हते. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, माळरानाचं. गावच्या गायरानावर सोलरचा प्रकल्प येणार अशी बोलणी सुरू आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी भाड्यानं देता येतात; शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. मोटर चालू करायला रात्री दोन वाजता बांधावरून गेलेल्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्या वाटेवर साप चावून गेलेला माणूस आमच्या भावकीत आहे. म्हणून मी या योजनेच्या विरोधात नाही. पण ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, "नाहीतरी पडीकच जमीन आहे, तिथं काय आहे?" आणि मला वडील आठवले.

१९८०च्या सुमारास वडील मला एस.टी.नं नान्नजला घेऊन गेले होते. माळढोक अभयारण्य नुकतंच, १९७९मध्ये जाहीर झालं होतं. कागदावर ते ८ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं होतं, सोलापूर-नगरमधली शेकडो गावं त्यात होती. पुढे ते बरंच कमी केलं गेलं. वडिलांनी मला कुसळी गवतात पालथं झोपवलं आणि खांद्यावर हात ठेवून गप्प बसायला सांगितलं. कुसळं फ्रॉकमध्ये घुसत होती. बऱ्याच वेळानं गवतातून एक मान वर आली, पांढरी, वर काळी टोपी. मग तो पूर्ण बाहेर आला. शाळेतल्या मुलाच्या छातीला लागेल एवढा पक्षी, पाहुण्याच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकावं तसा जपून चालत होता. वडील कुजबुजले, "हा माळाचा मालक."

त्या मालकाची आता उरलेली वस्ती मुख्यतः जैसलमेरच्या वाळवंटात आहे. आणि देशातले मोठमोठे सौरप्रकल्पही त्याच पट्ट्यात आहेत. दहा वर्षांपूर्वी जिथे पॅनेल आले तिथे आज काय आहे हे पाहून मग ग्रामसभेत बोलावं, असं ठरवून मी निघाले होते.

फलोदीहून बाप, आणि बापहून भडला. रस्ता सरळ, दोन्हीकडे बोरडी, केर, आक, मधूनच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती इथे रोजच्या जेवणात आहे: तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, भाजीला, पाला म्हणजे लूंग, शेळ्या-उंटांना, सावली सगळ्यांना. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३०मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसं हीच झाडं तोडू नयेत म्हणून मरण पावली. अलीकडे बिकानेर जिल्ह्यात सोलरसाठी खेजड्या तोडल्या म्हणून माणसं पुन्हा धरण्याला बसली.

भडला जवळ आलं तेव्हा मला वाटलं, क्षितिजावर तळं आहे. निळसर, स्थिर, दूरवर पसरलेलं. चालकभाऊंनी मान हलवली. "सगळ्यांनाच वाटतं, बाईसा."

२,२४५ मेगावॉट. सुमारे १४ हजार एकर. आकडे मी घरून पाठ करून आले होते, पण प्रत्यक्ष कुंपणाच्या कडेनं गाडी अर्धा तास चालत राहिली आणि काचा संपल्याच नाहीत, तेव्हा आकड्याचा अर्थ कळला. रांगेमागून रांग. दोन रांगांच्या मध्ये उघडी, रोलर फिरवलेली वाळू. संध्याकाळी पॅनेलवरून ब्रशचे यंत्रमानव सरकत जातात आणि धूळ झाडतात. पाणी लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. या मुलखात घागरभर पाण्याला किंमत आहे, आणि जिथे पॅनेल पाण्यानं धुतात तिथे ते पाणी कालव्यातून किंवा टँकरनं आणावं लागतं.

पण वाळवंटात धूळ येते कुठून? वादळातून येते, हे खरं. आणि खरवडलेल्या जमिनीतूनही येते. इथलं मूळ गवत सेवण. त्याचे ठोंब असतात, मुळं खोल जातात, पाऊस दोन वर्षं आला नाही तरी ठोंब जिवंत राहतो आणि वाळू धरून ठेवतो. जेसीबीनं जमीन सपाट केली की पहिला जातो तो ठोंब. मग वाळू मोकळी होते, उडते, पॅनेलवर बसते आणि ती झाडायला यंत्र लागतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. एवढा सरळ हिशोब मला फळ्यावर कधी मांडायला मिळाला नव्हता.

कुंपणाच्या काटेरी तारेवर एक खाटीक बसला होता. राखाडी, डोळ्यांवर काळा पट्टा. चोचीत टोळ. त्यानं तो टोळ तारेच्या काट्याला नीट टोचला, मागे सरकून पाहिला, आणि उडून गेला. हा पक्षी बाभळीच्या काट्यावर हेच करतो. झाड नव्हतं, त्यानं तार घेतली. मी बराच वेळ त्या टोचलेल्या टोळाकडे पाहत उभी राहिले. जीव जागा सोडायला तयार नसतात. आपण थोडी फट ठेवली तर ते तिच्यातून आत येतात. प्रश्न एवढाच, की फट ठेवायची की नाही.

फट ठेवलेली जागा मला दुसऱ्या दिवशी दिसली, आणि तीही अनपेक्षितपणे. चालकभाऊंच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याकडे आम्ही दुपारी जेवायला थांबलो. बाजरीची भाकरी, केर-सांगरी, ताक. त्यांनी पीएम-कुसुम योजनेतून स्वतःच्या जमिनीवर लहानसा प्रकल्प घातला आहे. या योजनेत शेतकरी आपल्या जमिनीवर २ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प उभारून वीज विकू शकतो. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "चला बाईसा, माझं शेत पाहा." ते शेतच म्हणाले, प्रकल्प म्हणाले नाहीत.

पॅनेलच्या रांगांमध्ये सेवण उभं होतं, गुडघ्याएवढं, हिवाळ्यात पिवळं पडलेलं. त्यात पंधरा-वीस मेंढ्या चरत होत्या. कंत्राटदारानं आधी सगळं सपाट करायचं म्हटलं होतं. यांनी सांगितलं, खांब ठोकायला भोक पाडा, बाकी जमिनीला हात लावू नका. "गवत काढलं असतं तर वाळू कुणी धरली असती? आणि मेंढ्या कुठं गेल्या असत्या?" गवत पॅनेलच्या वर जाऊ नये म्हणून कापायला माणूस लागतो, ते काम मेंढ्या करतात. शेळ्या मात्र आत सोडत नाहीत. शेळी पॅनेलवर चढते आणि वायर चावते. हे ज्ञान त्यांना एका तुटलेल्या काचेनंतर मिळालं.

शेताच्या एका कडेला पाच खेजड्या होत्या, जुन्या, खोडं माणसाच्या कमरेएवढी. मी विचारलं, सावली पडत नाही का? पॅनेलवर पानाएवढी सावली पडली तरी वीज कमी होते हे मला ठाऊक होतं. त्यांनी काठीनं वाळूत एक रेघ ओढली. "सूरज दख्खनेतून जातो. पॅनेलचं तोंड दख्खनेला. झाडं उत्तरेला. सावली तिकडं पडते, उत्तरेकडं. काचेवर कशी येणार?" झाडं आधीपासून तिथे होती. त्यांनी झाडं पाहून पॅनेलची जागा ठरवली. दक्षिणेला एक खेजडी होती. तिच्यासाठी एक रांग आखूड केली. दरसाल थोडी वीज कमी मिळते, पण सांगरी आणि लूंग मिळतो. मी त्यांना विचारलं नाही की तोटा किती. त्यांच्या चेहऱ्यावर तो हिशोब पुरता झालेला दिसत होता.

आणि कुंपण. जाळीचं कुंपण जमिनीपासून वीतभर वर होतं. मला वाटलं, सशा-खोकडांसाठी असेल. ते हसले. "वाळूसाठी. जाळी जमिनीला टेकवली की वाऱ्यानं वाळू अडते, काटे अडतात, आणि दोन वर्षांत कुंपणच बुजतं." मग काठीनं जाळीखालची एक रेघ दाखवली. वाळूत लहान पावलांची ओळ होती, आतून बाहेर जाणारी. "लोमडी. रोज येते. पॅनेलखाली उंदीर आहेत." पलीकडे एक बीळ होतं, तोंडाशी उकरलेली वाळू ताजी. सांड्याचं. हा जाडजूड, काटेरी शेपटीचा सरडा थंडीत बिळात झोपतो आणि ऊन तापलं की बाहेर येतो. वाळवंटातल्या ससाण्या-गरुडांचं पोट कितीतरी अंशी त्याच्यावर चालतं. जमीन रोलरखाली दाबली असती तर ते बीळ आणि त्यातलं पूर्ण जगणं बुजलं असतं.

वीतभर फट, हे मी पुढे अनेकदा मनाशी म्हणत राहिले. कॅलिफोर्नियात कॅरिझो मैदानाजवळ टोपाझ नावाचा ५५० मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. तिथे सॅन वाकीन किट फॉक्स नावाचं नष्ट होऊ घातलेलं खोकड राहतं. त्याच्यासाठी कुंपणाचा खालचा भाग मुद्दाम काही इंच वर ठेवला. खोकड आत-बाहेर करतं, मोठा कोल्हा-कोयोटी अडतो. नेवाडाच्या वाळवंटात जेमिनी प्रकल्पावर जमीन खरवडली नाही, झुडपं फक्त वरून छाटली. तिथे एक दुर्मीळ शेंगावर्गीय रोपटं होतं. बांधकामाआधी १२ झाडं मोजली होती. २०२४मध्ये ९३ मोजली. मातीत बी पडून होतं, माती हलली नाही म्हणून ते वाचलं आणि पुढे उगवलं. फलोदीजवळच्या या शेतकऱ्यानं यातलं काहीही वाचलेलं नाही. त्यानं वारा आणि वाळू वाचली.

मिनेसोटा राज्यात पूर्वी शेती असलेल्या जमिनीवरच्या दोन सौरप्रकल्पांवर देशी गवतं आणि फुलझाडं लावली. पाच वर्षं मोजणी केली. कीटक तिपटीनं वाढले, देशी मधमाश्या वीसपट. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या सपाट शेतीपट्ट्यात केंब्रिज विद्यापीठ आणि तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेनं २०२५मध्ये दाखवलं, की कुंपणाला झुडपं आणि रांगांमध्ये फुलांचं गवत ठेवलेल्या सौरक्षेत्रावर आजूबाजूच्या शेतांपेक्षा एकरी जवळपास तिप्पट पक्षी असतात. पॅनेलवर पांढऱ्या बारीक रेघांची जाळी आखली तर पाण्यातले किडे त्यांना तळं समजून अंडी घालायला येणं बरंच कमी होतं, हे हंगेरीच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. हे सगळं वाचून मी घरून आनंदात निघाले होते. सोलर आणि पाखरं एकत्र नांदतात, असं ग्रामसभेत सांगायचं होतं.

पण फलोदीपासून पोकरणपर्यंतच्या रस्त्यावर ते सगळं पुन्हा तपासून पाहावं लागलं. इंग्लंडचं ते शेत म्हणजे नांगरलेलं, दरवर्षी एकच पीक, औषधं मारून मारून किडा-मुंगी संपलेलं. तिथे पॅनेल आले, नांगर थांबला, फवारणी थांबली, गवत आलं. अर्थातच जीव वाढले. तिथे आधीच्या मोजणीत फारसं काही नव्हतं. थरचं मैदान तसं नाही. आमचं गायरानही तसं नाही. ते भरलेलं आहे. त्यावर काचा घातल्या तर चांगल्यात चांगला प्रकल्पही जे आहे त्यातलं थोडं राखेल, वाढवणार नाही. थकलेल्या शेतावर पॅनेल घालणं आणि जिवंत माळावर पॅनेल घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हीला एकच नाव आहे, म्हणून गोंधळ होतो.

पोकरणजवळ आम्ही रस्त्यालगत थांबलो. विजेच्या तारांवर लहान गोल चकत्या लटकत होत्या, वाऱ्यानं फिरत होत्या, उन्हात लुकलुकत होत्या. मोठ्या पक्ष्यांना तार दिसावी म्हणून लावलेल्या चकत्या. चाचा आणि धोलिया गावांमध्ये २०२०पासून त्या आहेत. तारा मोठ्या पक्ष्यांना का मारतात हे कुणी विचारलं तर मी खिचनच्या कुरजांचं उतरणं सांगेन. माळढोक त्याहून भारी. नर १५ किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. शिकारी कुठून येतो हे पाहण्यासाठी ते उत्तम, पण समोरचं नीट दिसत नाही. उडताना मान थोडी खाली केली, की समोरचा भाग आंधळा होतो. तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि दिसली तरी एवढा भार पटकन वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेनं थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागाचा अभ्यास केला. तारांवर आदळून तिथे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात, आणि थरमध्ये वर्षाला १८ माळढोक, असा त्यांचा अंदाज निघाला. माळढोक एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. जगात सगळे मिळून दीडशेच्या आसपास पक्षी रानात उरले असताना अठराचा अर्थ मुलालाही कळतो.

सौरप्रकल्पाचं कुंपण जमिनीवरच्या जिवाला अडवतं. त्या कुंपणातून बाहेर निघणारी तार मात्र शंभर-शंभर किलोमीटर आभाळ कापत जाते. प्रकल्पाच्या आत फुलं लावली, फट ठेवली, सगळं केलं, आणि बाहेरची तार माळढोकाच्या वाटेत उभी केली, तर काय केलं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे सहा वर्षांहून अधिक काळ होता. एम. के. रणजितसिंह यांनी २०१९मध्ये याचिका केली. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयानं तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला. कंपन्या आणि सरकार म्हणाले, ९९ हजार चौरस किलोमीटरवर हे शक्य नाही. २१ मार्च २०२४ रोजी आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. मी गेले त्याच्या महिनाभर आधी, १९ डिसेंबर २०२५ रोजी निकाल आला: राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर हे माळढोकांचं अग्रक्रमाचं क्षेत्र, त्यात नव्या पवनचक्क्या नकोत, २ मेगावॉटपेक्षा मोठे नवे सौरप्रकल्प नकोत, तारांसाठी ठरावीक मार्ग आखायचे. मला हा निकाल योग्य वाटला. उशिरा आलेला, पण योग्य. प्रकल्प कुठे घालायचा नाही हे एकदा नकाशावर ठरलं, की कुंपणातली वीतभर फट कामाची होते. ते न ठरवता ठेवलेली फट म्हणजे केवळ मनाचं समाधान.

संध्याकाळी रामदेवऱ्याहून जात होतो. तिथे आणि सममध्ये माळढोकांची पैदास केंद्रं आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून जगातलं पहिलं माळढोकाचं पिल्लू जन्मलं. मी केंद्राबाहेर गाडी थांबवली नाही. त्या पिल्लांना माणूस दिसू नये अशीच व्यवस्था असते, आणि ती बरोबर आहे. फक्त मनात आलं, ती एक दिवस सोडली जातील तेव्हा त्यांच्यासाठी उघडं आभाळ कुठे असेल?

देगरायचं ओरण जैसलमेरपासून दीड-दोन तासांवर. ओरण म्हणजे देवराई, पण कोकणातल्या देवराईसारखी दाट नाही. देवीच्या नावानं सोडलेला विस्तीर्ण माळ. कुऱ्हाड लावायची नाही, नांगर फिरवायचा नाही, जनावरं चारायची. पिढ्यान्‌पिढ्या हे पाळलं गेलं. अडचण अशी झाली, की देवीच्या नावाची जमीन सातबाऱ्यासारख्या कागदावर नाव नसल्यानं कित्येक ठिकाणी पडीक म्हणून नोंदली गेली. पडीक म्हणजे मोकळी. मोकळी म्हणजे द्यायला सोपी. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरणांची मोजणी करून ती वन म्हणून नोंदवायला सांगितलं. ते होईपर्यंत देगरायच्या कडेनं आणि मधूनही मनोरे उभे राहिलेले आहेत. २०२०मध्ये इथेच तारेखाली मेलेला माळढोक सापडला होता.

मंदिराजवळच्या तळ्यावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. काठावर लाल पागोट्यातले एक वृद्ध राईका बसले होते. उंट राखणाऱ्यांची ही जात. चालकभाऊंनी "राम राम सा, बासा" म्हटलं, मी नमस्कार केला. त्यांनी शेजारी वाळूवर हात फिरवून जागा केली. आणखी तिघेजण होते. एकानं केरच्या काटक्या पेटवून चहा ठेवला. दूध उंटिणीचं. साय येत नाही, चवीला किंचित खारट, आणि त्या थंडीत त्याहून चांगलं काही नाही.

दिवस मावळला तसे तितर बोलायला लागले. दूरवर तीन चिंकारा उभी होती, कान टवकारून. आणि एक आवाज होता, जो मी आधी ऐकलाच नव्हता. सगळं शांत झाल्यावर उरला. वरच्या तारांचा गुणगुणाट. बासा म्हणाले, हा आवाज आला तेव्हा उंट काही दिवस इकडे यायला तयार नव्हते. मग सवय झाली. "उंटाला सवय होते, गोडावणाला होत नाही." गोडावण म्हणजे आपला माळढोक. त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात पहाटे गोडावणाचं घुमणं ऐकू यायचं. त्यांनी छाती फुगवून, ओठ मिटून तो आवाज काढून दाखवला. हूं. खोल, मडक्याच्या तोंडाशी बोलल्यासारखा. दोन कोसांवरून ऐकू यायचा म्हणाले.

मी त्यांना शेतकऱ्याची खेजडी सांगितली, जाळीखालची फट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "ते त्याचं शेत आहे. त्यानं बरं केलं. पण ओरण कुणाचं शेत नाही, बाईसा. इथं फट ठेवून काय करणार? इथं भिंतच नको." थोड्या वेळानं स्वतःच पुढे म्हणाले, वीज आमच्या वस्तीतही आली आहे, नको असं कोण म्हणेल. नातू रात्री अभ्यास करतो. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलताना काही अवघड वाटलं नाही, आणि मला त्यांचं ऐकताना वाटलं, आमच्या ग्रामसभेत असं बोलणारं कुणीतरी हवं होतं.

गायरानाचा नकाशा माझ्या पिशवीत होता. मी तो काढून वाळूवर पसरला, चार कोपऱ्यांवर खडे ठेवले. ओढा, पाझर तलाव, धनगरांची वाट, काळवीट दिसतं तो उतार. नैर्ऋत्येला, रस्त्याला लागून, खाणीनं खणून टाकलेला जुना तुकडा आहे. तिथे गवतही नीट येत नाही. बासांना मराठी वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळत होता. त्यांनी काठीचं टोक त्या खाणीच्या तुकड्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग काठी ओढ्याकडे, उताराकडे सरकवत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं गोडावण आहे का?"

मी त्यांना नान्नज सांगितलं. एस.टी., कुसळी गवत, वडिलांचा खांद्यावरचा हात, गवतातून वर आलेली मान. आता तिथे कित्येक मोसम एकही दिसत नाही, दिसलाच तर एखादा, तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा पुन्हा ओतला. तेवढ्यात टेकाडावरून उंट यायला लागले, एकामागून एक, गळ्यातल्या घंटा मंद वाजत. बासा गुडघ्यावर हात ठेवून उठले, तळ्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले आणि पाण्याला लागलेली जनावरं बोट दाखवत मोजू लागले.